वांगी रंगाचं पोलकं

प्रिय आई,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "एका घरात राहून इतकी वर्षं तोंड चालवलंस, तेवढं पुरलं नाही का?" नाही पुरलं, आई. परवा कुसुमताई दुकानात येऊन गेल्या आणि तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. काल एका मुलीच्या ड्रेसची बाही उलटी जोडली. उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली!

कुसुमताईंचा डावा खांदा धरलाय. हात वर जात नाही की मागे जात नाही. पोलकं चढवताना डोळ्यांत पाणी येतं म्हणाल्या. तुमच्या गुरुवारच्या पत्त्यांच्या डावातल्या चौघींपैकी आता त्या आणि लेलेकाकू, दोघीच राहिल्यात. त्यांनी पिशवीतून मापाचं जुनं पोलकं काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "वर्षा, सुमनला शिवलं होतंस ना, तसंच मला एक शिवून दे. त्याच कापडाचं."

मी नुसती बघत राहिले. कारण मी तुम्हाला तसलं काहीही शिवलं नव्हतं, आई. हे तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक.

त्या पुढे काय बोलल्या ते लिहितेच. पण आधी जरा मागे जाऊ द्या मला, एकदम तिथे पोचायचा धीर होत नाहीये.

अमरावतीहून लग्न होऊन मी सदाशिव पेठेत आले तेव्हा तुमच्या पुढच्या खोलीत एकच शिवणयंत्र होतं आणि भिंतीवर पोलक्यांच्या मापांची वही टांगलेली होती. अख्ख्या गल्लीतल्या बायकांच्या पाठी तुम्हाला तोंडपाठ होत्या. पहिल्याच आठवड्यात मी आमच्या वऱ्हाडी बोलीत म्हटलं, "आई, मी भांडी घासून राहिले." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "राहायला काय, राहा गं. पण आधी घास." मी आत जाऊन रडले होते, माहितीये तुम्हाला? तुमचा लेक विनय हसत होता, त्याचाही राग आला होता. पुढे कळलं की ज्यांच्याशी तुम्ही असं बोलता, त्यांनाच तुम्ही आपलं मानता. बाकीच्यांशी तुम्ही फार गोड बोलायचात.

तेव्हा घरोघरी नवीन चॅनेलं आली होती. शाळांच्या गॅदरिंगमध्ये कोळीनृत्य मागे पडून मुलं उड्या मारत नाचायला लागली होती, आणि त्यांना घेराचे परकर नको होते. अंगाबरोबर हलणारे कपडे हवे होते. तुम्ही म्हणालात, "होजिअरी म्हणजे बनियन. स्टेजवर बनियन घालून नाचायचं तर नाचा बापडे." मी मात्र हट्टाने पहिलं काम घेतलं. कॉलेजच्या सोळा मुलींचं, चंदेरी ताणाच्या कापडाचं.

काय फजिती झाली होती! दुकानात ते कापड मी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, छान रबरासारखं ताणलं गेलं, मी खूश. नाच सुरू झाल्यावर तिसऱ्या मिनिटाला सोळा मुलींच्या बत्तीस गुडघ्यांवर पिशव्या लोंबायला लागल्या. वर दिवे पडले तर आरपार दिसायला लागलं. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात. घरी येऊन चपला काढता काढता म्हणालात, "कापड ओढून पाहिलंस. सोडून पाहिलंस का?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तुमची कापडाची परीक्षा शिकवलीत. वीतभर पट्टी कापायची. तिच्यावर चार बोटांच्या अंतराने दोन रेघा मारायच्या. वरचं टोक खिडकीच्या गजाला अडकवायचं, खालच्या टोकाला खलबत्त्यातला बत्ता बांधायचा आणि दिवसभर लोंबकळत ठेवायचं. संध्याकाळी बत्ता सोडायचा, चहा होईपर्यंत पट्टी टेबलावर पडू द्यायची आणि मग पुन्हा बोटं लावून बघायची. रेघा चार बोटांवर परत आल्या तर कापड घ्यायचं. पाच बोटांवर राहिल्या तर दुकानदाराचा चहा पिऊन यायचं आणि कापड त्याच्याकडेच ठेवायचं. ज्या बाईने जन्मात कधी ताणाच्या कापडाला कात्री लावली नाही, तिला हे कुठून सुचलं? मी विचारलं तर म्हणालात, "अगं, ब्लाउजचं असो नाहीतर बनियनचं, कापडच ना ते?"

त्या परीक्षेवर माझा धंदा उभा राहिला, आई. स्केटिंगच्या मुली आल्या, जिम्नॅस्टिक्सचे क्लास आले, नाटकवाले आले. रविवार पेठेतले दुकानदार मला बघून म्हणायचे, आल्या पट्टीवाल्या बाई! तुम्हीच शिकवलंत की पातळ, एकेरी विणीचं कापड कापलं की कडेला वळतं आणि अंगाला चिकटतं. जाड, दुहेरी विणीचं घ्यावं. ते ताणलंही जातं आणि उभंही राहतं, अंगाची प्रत्येक वळी दाखवत बसत नाही. आल्यागेल्या गिऱ्हाइकाला मी हे पोपटासारखं सांगते. लक्षात ठेवा हे, पुढे लागणार आहे.

मग तुम्हाला तो झटका आला. डावी बाजू गेली. वाचा वाचली, फक्त बोलणं हळू झालं आणि आवाज आतल्या खोलीपर्यंत पोचेनासा झाला. पाय महिन्याभरात जरा सुधारला, पण हात छातीशी दुमडला तो दुमडलाच. तुमची पोलकी त्या बाहीत जाईनात. एकदा मी जोर केला तर तुम्ही ओठ चावलात. दुसऱ्या दिवशी मी लक्ष्मी रस्त्यावरून चार गाऊन आणले आणि पाठीमागून उभे कापून त्यांना नाड्या लावल्या.

तुम्हाला, गाऊन! सकाळी गाऊनवर ओढणी घेऊन दुधाला जाणाऱ्या समोरच्या वहिनींना बघून, "ही दूध आणायला निघालीय की दवाखान्यातून पळून आलीय?" म्हणणाऱ्या तुम्हाला! पहिल्या दिवशी मी नाड्या बांधत होते तेव्हा तुम्ही भिंतीकडे बघत होतात. मला वाटलं, होईल सवय. माणसाला कशाचीही सवय होते, असं मी विनयला मोठ्या शहाणपणाने सांगितलंसुद्धा.

सवय झाली नाही. गुरुवार आला की कुसुमताईंचा फोन यायचा, वर ये म्हणून. दोन जिने, पण विनय तुम्हाला धरून नेऊ शकला असता, तो तयार होता. तुम्ही नाही म्हणायचात. मग त्या तिघी पत्त्यांचा जोड घेऊन आपल्याकडे आल्या, तर तुम्ही डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलंत. मी बाहेर जाऊन सांगितलं, झोपल्यात. त्या चहा पिऊन गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. ज्या बाईने तीस वर्षं एक गुरुवार चुकवला नाही, ती पाठ उघडी असलेल्या कपड्यात मैत्रिणींसमोर बसेल तरी कशी? हे मला तेव्हा कळायला नको होतं का?

तुम्ही एकदा विचारलंत. मी टेबलावर कापत होते, तुमची खाट तिथेच खिडकीपाशी. तुम्ही सावकाश म्हणालात, "वर्षा, तुझ्या त्या मुलींच्या कापडाचं मला एक पोलकं होईल का गं?"

आणि मी काय म्हटलं? "आई, ते अंगाला चिकटतं. तुम्हाला नाही शोभायचं."

मी खोटं बोलले. जाड कापड चिकटत नाही हे पुण्यात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? शनिवारी स्पर्धा होती, अकरा मुलींचे ड्रेस राहिले होते, आणि मला तो विषय तिथेच संपवायचा होता. तुम्ही बरं म्हणालात. मी वर मान करून पाहिलंही नाही. शनिवार गेला, दुसरी स्पर्धा आली, आणि मी तुमचं बोलणं साफ विसरले.

आता तो दिवस. त्याच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही.

मी तुमच्या उशाशी देवघरातली छोटी पितळी घंटा ठेवली होती. काही लागलं, बाथरूमला जायचं झालं की वाजवायची. त्या दिवशी मी आतल्या खोलीत दोन मुलींची ट्रायल घेत होते. दुपारपर्यंत घंटा वाजली नाही. मी बाहेर येऊन बघते तर तुमची चादर ओली, आणि घंटा खिडकीच्या गजापाशी लोंबकळतेय. वांगी रंगाच्या एका चिंधीला सेफ्टी पिन लावून टांगलेली. खाटेखाली माझं कापडाच्या तुकड्यांचं गाठोडं अर्धं उपसलेलं.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आई, घंटा वाजवायला दिलीय, टांगायला नाही." तुम्ही काहीतरी सांगायला गेलात. "थांब, संध्याकाळी..." एवढंच मी ऐकलं. मी ती चिंधी ओढून काढली. तिच्यावर बॉलपेनने मारलेल्या दोन रेघा होत्या. मी पाहिल्या, आई! माझ्या डोळ्यांनी पाहिल्या, आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

रोज नव्या कापडाच्या पट्टीवर दोन रेघा मारणारी मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका हाताने गाठोडं उपसायचं, त्यातून नेमका दुहेरी विणीचा तुकडा शोधायचा, दातात धरून पिन लावायची. किती वेळ लागला असेल तुम्हाला? बत्ता स्वयंपाकघरात, तिथवर जाणं शक्य नाही, म्हणून घंटा. आणि घंटा टांगली म्हणजे मला हाक मारायचं साधनच गेलं, हे माहीत असूनही टांगलीत. ओल्या चादरीत पडून राहिलात पण पट्टी उतरवली नाहीत, कारण संध्याकाळ व्हायची होती.

मला यातलं काही म्हणजे काही दिसलं नाही. त्या रात्री जेवताना मी विनयला सांगितलं, "आईंना आता काही कळत नाही रे. देवाची घंटा चिंधीला बांधून ठेवतात." तुमची खाट दहा पावलांवर. मी आवाजही लहान केला नव्हता. कळत नाही म्हटल्यावर आवाज कशाला लहान करायचा, नाही का?

त्यानंतर विनय बदलला, आणि याचं पाप माझ्या माथी आहे. त्याआधी तो हिंजवडीहून कंपनीच्या बसने आला की बूट न काढता तुमच्यापाशी बसायचा. साहेब काय म्हणाला, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने काय खोडी काढली, सगळं सांगायचा. तुम्हाला त्यातलं किती उमजायचं देव जाणे, पण निकाल तुम्ही द्यायचात. "त्या साहेबाला घरी कुणी विचारत नाही, म्हणून तो तुम्हाला थांबवून घेतो," म्हणाला होतात, आणि विनयने ते ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं. ते बंद झालं. तो यायचा, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने विचारायचा, "आई, जेवलीस ना? औषध घेतलंस? शहाणी गं माझी आई ती!" आणि आत जायचा. तुम्ही "घेतलं" म्हणायचात. सहा महिने तुमच्या मुलाशी तुमचं एवढंच बोलणं झालं. तो वाईट नव्हता, आई. आत येऊन तोंडावर पाणी मारायचा आणि बराच वेळ टॉवेल तोंडावर धरून उभा राहायचा. त्याची आई गेलीच आहे असं मी त्याला सांगितलं होतं ना.

मग तुम्हीही बोलणं सोडलंत. मी तेही माझ्या म्हणण्याचा पुरावा म्हणून धरलं.

इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे. आयुष्यभर टोमणे मारलेत, डाळीतल्या मिठापासून माझ्या माहेरच्या बोलीपर्यंत काही सोडलं नाहीत, आणि नेमकं तेव्हा गप्प बसलात? एकदा तरी म्हणायचंत, "अगं गाढवे, कापड बघत होते मी." तुमच्या तोंडून गाढव ऐकायला मी का नवी होते? एवढा कसला मान धरून बसलात? की माझंच खरं वाटायला लागलं होतं तुम्हाला?

शेवटच्या दिवशी तुम्हाला आंघोळ घातली, तुमची ती लाल काठाची इरकल नेसवायची ठरली. पोलकं काही केल्या चढेना. लेलेकाकू म्हणाल्या, मागून काप, कोण बघतंय आता. माझ्याच कात्रीने मी ते पाठीवर उभं कापलं. कात्री सरळ चालली. आणि तेराव्याला आलेल्या बायकांना मी सांगत होते, शेवटी शेवटी त्यांना काही कळतच नव्हतं, एका अर्थी सुटल्या.

आता परवाचं ऐका. मी नुसती बघत राहिले म्हणून कुसुमताईंनाच वाटलं की मी विसरले. त्या म्हणाल्या, "अगं, ते वांगी रंगाचं. मला फोनवर म्हणाली होती ना ती, कापड मीच निवडलंय, आज घंटा लावून टांगलंय. पुढच्या गुरुवारी मी विचारलं तर म्हणाली, शिवलंन वर्षाने, झकास बसलंय, हात आपोआप जातो. मी म्हटलं मग ये की घालून. तर म्हणाली, डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केलीय."

कुठल्या डॉक्टरांनी, आई?

मी त्यांना काही सांगितलं नाही. हो म्हटलं, तसंच शिवते म्हटलं. मापं घेतली. जाताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, सुमन नशीबवान, तिला तुझ्यासारखी सून मिळाली. मी तो हात फिरवून घेतला. तुम्ही माझी लाज राखलीत आणि मी ती दुसऱ्यांदा फुकटात घेतली.

काल रविवार पेठेत गेले. नेमका तो रंग मिळाला नाही, थोडा उजळ मिळाला. पट्टी टांगली, संध्याकाळी उतरवली, रेघा जागेवर होत्या. आज सकाळी कुसुमताईंचं पोलकं कापलं आणि शिवलं. बाही जरा रुंद, बगलेत पाचर, हुक पुढे. किती वेळ लागला सांगू? दोन तास. मध्ये उठून चहा केला, एका गिऱ्हाइकाचा फोन घेतला, ते सगळं धरून दोन तास. तुमच्या वाट्याला माझे ते दोन तास आठ महिन्यांत आले नाहीत.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही काहीतरी टोचून बोलून ती देऊन टाकाल, आणि मी पुन्हा स्वस्तात सुटेन.

पोलकं द्यायला उद्या मी स्वतः वर जाईन आणि लेलेकाकूंनाही बोलावून घेईन. तेराव्याला जे बोलले ते त्या दोघींसमोर परत घेईन. गालावरून फिरलेला हातही परत घ्यावा लागेल कुसुमताईंना, घेऊ देत. पण ते सोपं आहे. अवघड आज आहे. विनयची बस साडेसातला कोपऱ्यावर येते. तो अजून तुमच्या फोटोशी बोलत नाही, आई. नमस्कार करतो आणि पुढे जातो. तीन वर्षं त्याने स्वतःची समजूत घातलीय की आपण बोललो असतो तरी तिला कळलं नसतं. त्या समजुतीवर तो रात्री झोपतो. ती मी आज त्याच्याकडून काढून घेणार आहे. तो चिडेल, कदाचित माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे.

मी तुम्हाला शब्द देते. आज तो बूट काढायच्या आत मी त्याला समोर बसवेन आणि सांगेन, "तुझ्या आईला शेवटच्या दिवसापर्यंत सगळं कळत होतं. तू रोज संध्याकाळी आत निघून जायचास, तेही."

तुमची सून,
वर्षा